तारण साहित्याचे, कर्ज चित्रपटाचे : लोकनिधी आणि भारतीय चित्रपटाची वाढ

चित्रपटाविषयी मराठीत जी समीक्षा लिहिली गेली, तिने दिग्दर्शकाची दृष्टी, मूळ कथाकृतीशी असलेले चित्रपटाचे नाते, अभिनय आणि संगीत यांची चर्चा कमीअधिक प्रमाणात केली आहे. मात्र एखादा चित्रपट कोणाच्या पैशाने निर्माण झाला आणि तो पैसा कोणत्या अटींवर मिळाला, हा प्रश्न तिने बहुधा अर्थशास्त्राकडे सोपवला. साहित्याच्या अभ्यासकाला ही सोय परवडणारी नाही. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने चित्रपटासाठी जो लोकनिधी खर्च केला, त्याचा साहित्याशी अत्यंत निकटचा संबंध आहे. कोणती कथा पडद्यावर जावी आणि ती कोणापर्यंत पोहोचावी, हे पुष्कळ अंशी त्या निधीच्या अटींनी ठरवले. या अटींचा विचार केल्यास एक विसंगती स्पष्ट होते. केंद्राच्या निधीने संहिता वाचली, राज्याच्या निधीने तिकिटे मोजली. परंतु संहितेपासून तिकिटापर्यंतचा जो रस्ता असतो, त्याची जबाबदारी दोघांपैकी कोणीही पुरतेपणी घेतली नाही.

या विसंगतीचे मूळ शोधण्यासाठी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीपर्यंत मागे जावे लागते. १९४९ मध्ये नेमल्या गेलेल्या या समितीने १९५१ मध्ये आपला अहवाल सादर केला. समितीच्या सदस्यांत व्ही. शांताराम आणि न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार होते, म्हणजे पुणे-कोल्हापूर आणि कलकत्ता या दोन्ही परंपरांचा अनुभव तिच्यापाशी होता. युद्धकाळात साठवलेला हिशेबाबाहेरचा पैसा चित्रपटात उतरला होता, जुन्या स्टुडिओसंस्था मोडकळीस आल्या होत्या आणि सावकारी व्याजावर चालणारा हा व्यवसाय मूठभर नटनट्यांच्या मानधनाभोवती फिरू लागला होता. यावर समितीने चित्रपटांना वित्तपुरवठा करणारे महामंडळ, प्रशिक्षणसंस्था, संग्रहालय आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारे चित्रपट मंडळ असे परस्परपूरक उपाय सुचवले. यांपैकी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये, तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये अस्तित्वात आले. ज्या प्रभात स्टुडिओत मराठी चित्रपटाचा सुवर्णकाळ घडला, त्याच वास्तूत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, हा योगायोग सूचक आहे. समग्र विचार करू शकणारे चित्रपट मंडळ मात्र कधीच स्थापन झाले नाही. संस्था उभ्या राहिल्या. त्यांना एका सूत्रात ओवणारा धागा राहून गेला.

संहिता वाचणारा निधी

लोकनिधीच्या सामर्थ्याची पहिली साक्ष या सर्व संस्थांच्या आधीची आहे. 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटाचे काम पैशाअभावी थांबले असता पश्चिम बंगाल शासनाने त्यास साहाय्य केले. चित्रपटास पैसा देण्याचे शीर्षच शासनाकडे नसल्याने ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खात्यातून दिली गेली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. ती सांगताना प्रशासनाची थट्टा केली जाते. पण तिच्यातील अर्थ थट्टेपुरता नाही. चित्रपट ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे हे मानण्याची तयारी होती. परंतु तिच्यासाठी स्वतंत्र खाते नव्हते.

ते खाते १९६० मध्ये उघडले गेले. आरंभी कॉर्पोरेशनचा व्यवहार सावध होता आणि कर्जे प्रस्थापित निर्मात्यांकडे अधिक जात. सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) हा या टप्प्यातील ठळक अपवाद. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस, बी. के. करंजिया यांच्या अध्यक्षतेच्या काळात, धोरणाने वळण घेतले आणि नव्या दिग्दर्शकांना अल्प रकमेची कर्जे मिळू लागली. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आणि बासू चटर्जी यांचा 'सारा आकाश' हे तीन चित्रपट १९६९ च्या सुमारास एकापाठोपाठ आले. त्यानंतर कुमार शहानी यांचा 'मायादर्पण' (१९७२), एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' (१९७३) आणि अवतार कौल यांचा '२७ डाउन' (१९७४) यांची भर पडली.

या यादीकडे साहित्याच्या अभ्यासकाने पुन्हा पाहावे. 'चारुलता'मागे रवींद्रनाथांची 'नष्टनीड' ही दीर्घकथा आहे. 'भुवन शोम'मागे बनफूल, 'उसकी रोटी'मागे मोहन राकेश, 'सारा आकाश'मागे राजेंद्र यादव, 'मायादर्पण'मागे निर्मल वर्मा, 'गर्म हवा'मागे इस्मत चुगताई आणि '२७ डाउन'मागे रमेश बक्षी. हा केवळ अभिरुचीचा योग मानता येणार नाही. नव्या दिग्दर्शकापाशी नावाजलेला नट नसतो आणि वितरकाची हमीही नसते. कर्ज मागताना त्याच्या हाती कागदावरची संहिताच असते. त्या संहितेला मान्यवर लेखकाच्या कृतीचा आधार असेल, तर समितीपुढे तिची पत आपोआप वाढते. कायद्याच्या भाषेत तारण काहीही असो, नैतिक तारण साहित्याने दिले. आधुनिक भारतीय कथासाहित्य हे नव्या चित्रपटाचे जामीनदार ठरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेचा लाभ निर्विवाद आहे. व्यावसायिक चित्रपट ज्या जीवनाकडे फिरकलाच नसता, ते पडद्यावर आले: फाळणीनंतर आग्र्यात राहिलेले मुसलमान कुटुंब, पंजाबातील रस्त्यावर बसचालक नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री, रेल्वेच्या नोकरीत आयुष्य हरवून बसलेला तिकीट तपासनीस. पण या व्यवस्थेची मर्यादाही तिच्यातच होती. जो निधी संहिता वाचून दिला जातो, त्याचे कर्तव्य चित्रपट पूर्ण होताच संपते. चित्रपटगृह कोण देणार, जाहिरात कोण करणार, या प्रश्नांचे उत्तर संहितेत नसते. कर्ज मात्र व्याजासह फेडायचे असते. परिणामी यांतील कित्येक चित्रपट पुरस्कारांच्या यादीत आणि फिल्म सोसायटीच्या सभासदांच्या स्मरणात राहिले. गावातील चित्रपटगृहाच्या फलकावर ते क्वचितच लागले.

मराठी साहित्याचा वाटा

मराठी लेखकांचा या निधीशी आलेला संबंध हिंदी वा बंगालीच्या मानाने उशिराचा आहे. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९८० मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्यानंतर महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी महामंडळासाठी 'पार्टी' (१९८४) केला. मात्र तो हिंदीत. मराठीत जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' (१९९२) आणि अमोल पालेकर यांचा 'बनगरवाडी' (१९९५) ही दोन उदाहरणे विशेष महत्त्वाची ठरतात. पहिल्याची पटकथा पु. ल. देशपांडे यांनी लिहिली. दुसरा व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्यात दूरदर्शनचाही सहभाग होता.

मराठीतील साहित्याधारित चित्रपट शासकीय निधीखेरीज निर्माण झालेच नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेला 'श्यामची आई' (१९५३) खाजगी साहसातून आला आणि पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' (१९७५), गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील 'जैत रे जैत' (१९७७), अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील 'सिंहासन' (१९७९) आणि शांता निसळ यांच्या 'बेघर'वरील 'उंबरठा' (१९८२) यांच्यामागेही व्यक्तींचा ध्यास होता. तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल'वरील चित्रपट (१९७६) तरुणांच्या सहकारी संस्थेने केला. त्याच वर्षीच्या 'मंथन'ची पटकथा तेंडुलकरांची; त्याचे भांडवल गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारले. शासनाच्या तिजोरीबाहेरही लोकनिधी असू शकतो याचे हे ठळक उदाहरण आहे. ज्यांनी पैसे दिले, तेच दूध उत्पादक ट्रकमधून गावोगावचे चित्रपटगृह गाठून तो पाहायला गेले. तेथे निधी आणि प्रेक्षक एकच होते.

तिकिटे मोजणारा निधी

केंद्राचे कर्ज एकीकडे आणि राज्याचा करमणूक कर दुसरीकडे, अशी भारतीय चित्रपटाची अवस्था दीर्घकाळ होती. करमणूक कर हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राच्या व्याजी कर्जातून निर्माण झालेला चित्रपट चित्रपटगृहात लागताच राज्य त्याच्या तिकिटावर कर घेई. एकाच शासनव्यवस्थेचे दोन हात परस्परांच्या विरुद्ध दिशेने काम करीत होते. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये यावर उपाय योजला. मराठी चित्रपटाने जमा केलेला करमणूक कर, त्या निर्मात्याने पुढील मराठी चित्रपट निर्माण केल्यास, त्याला परत मिळू लागला.

या करपरतावा योजनेचे मूल्यमापन करताना समीक्षेने बहुधा नाक मुरडले आहे. दादा कोंडके यांचे चित्रपट आणि पुढे 'धुमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांसारख्या विनोदी चित्रपटांची लाट याच काळात फोफावली, हे त्यामागील कारण. परंतु हा आक्षेप न्याय्य म्हणता येणार नाही. त्या योजनेने सुज्ञ काम केले होते: परतावा पुढच्या चित्रपटाशी बांधला. त्यामुळे निर्माता टिकला, तंत्रज्ञांना वर्षभर काम राहिले, हिंदीच्या सावलीत विरून जाऊ शकणारा एक भाषिक व्यवसाय जगला. जी वस्तू नष्ट झाली, तिचा दर्जा सुधारता येत नाही. या दृष्टीने त्या योजनेचे ऋण मान्य करणे अगत्याचे आहे.

तिची मर्यादा वेगळी होती. जितकी तिकिटे अधिक, तितका परतावा अधिक. ज्याच्याकडे प्रेक्षक आहे, त्यालाच तो निधी मिळे. ज्याला प्रेक्षक शोधायचा आहे, त्याला मिळत नसे. पुढे शतकाच्या अखेरीस परताव्याची जागा थेट अनुदानाने घेतली आणि कालांतराने दर्जानुसार वर्गवारी आली. काही वर्षे 'अ' वर्गाच्या चित्रपटास ४० लाख आणि 'ब' वर्गाच्या चित्रपटास ३० लाख रुपये असे तिचे स्वरूप होते. म्हणजे तिकिटे मोजण्याचे काम परीक्षकांच्या गुणांनी घेतले. मात्र गुण मिळतात ते पूर्ण झालेल्या चित्रपटाला. ज्याला चित्रपट पूर्ण करण्यापुरतेही कर्ज मिळत नाही आणि ज्याला तो पूर्ण करूनही पडदा मिळत नाही, असे दोघेही या योजनेच्या कक्षेबाहेर राहतात.

करदात्याचा आक्षेप

येथे एका आक्षेपाला सामोरे जाणे आवश्यक आहे. शाळेला छप्पर नसताना चित्रपटाला पैसा का, असे सर्वसामान्य करदात्याने विचारल्यास त्याला अरसिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने १९७६ मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनवर याच धर्तीची टीका केली. कर्जे बुडतात, चित्रपट प्रदर्शित होत नाहीत, तेव्हा व्यावसायिक यशाची वाजवी शक्यता पाहून कर्ज द्यावे, असा तिचा सूर होता. कलाप्रेमींनी या टीकेला नोकरशाहीचा हल्ला मानले. वस्तुतः समितीचे निदान बरोबर होते. उपचार चुकीचा होता. चित्रपट प्रेक्षकांपर्यंत जात नाहीत हे निदान. त्यावर प्रेक्षक ज्याला आधीच ओळखतात असाच चित्रपट काढा, हा उपचार. रस्ता नसल्याने माल बाजारात पोहोचत नाही, तेव्हा रस्ता बांधण्याऐवजी पीकच बदलण्याचा हा सल्ला होता.

करदात्याला द्यावयाचे उत्तर कलेच्या श्रेष्ठत्वात सापडणार नाही. ते त्याच्या हक्कात आहे. ज्या चित्रपटासाठी त्याने पैसा दिला, तो त्याला पाहता आला पाहिजे. या कसोटीवर गेल्या साठ वर्षांतील सर्वांत यशस्वी सार्वजनिक चित्रपटगृह कोणते, असे विचारल्यास दूरदर्शन असे उत्तर द्यावे लागते. रविवारी दुपारी दाखवल्या जाणाऱ्या प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपटांनी सोलापूर वा चंद्रपूरच्या घरात बसलेल्या विद्यार्थ्याला मल्याळम आणि आसामी चित्रपटांची ओळख करून दिली. तो उपक्रम कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात धरला जात नाही. तरीही एका पिढीच्या चित्रपटविषयक जाणिवेवर त्याचा संस्कार आहे.

मधला रस्ता

प्रदर्शनाच्या प्रश्नाकडे महाराष्ट्र शासनाने पूर्णतः दुर्लक्ष केले असेही नाही. २००१ च्या सुमारास बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात मोठी सवलत देण्यात आली आणि त्या बदल्यात मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन त्यांच्यावर आले. ते बंधन सकाळच्या गैरसोयीच्या खेळांनी पाळले जाते, अशी तक्रार सातत्याने होत राहिली. म्हणून २०१५ मध्ये मुख्य वेळेचा आग्रह धरावा लागला आणि दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ सांगितली गेली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. त्याबरोबर कराच्या सवलतीचे जुने हत्यारही बोथट झाले. शिवाय बहुपडदा चित्रपटगृह ही शहरी वस्तू आहे. जत्रेतल्या तंबूत मराठी चित्रपट पाहणारा जो ग्रामीण प्रेक्षक होता, त्याच्या तंबूची जागा या धोरणाने भरून काढली नाही.

फ्रान्सचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९४६ मध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले. तिकिटावर घेतलेला विशेष कर राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता चित्रपटाकडेच परत जातो. यशस्वी निर्मात्याला पुढील निर्मितीसाठी आपोआप वाटा मिळतो. १९५९ पासून नवख्या दिग्दर्शकाला संहितेवरून आगाऊ रक्कम मिळते. आणि छोट्या गावांतील चित्रपटगृहांनाही त्याच कोशातून साहाय्य होते. महाराष्ट्राची करपरतावा योजना आणि केंद्राची संहितेवर आधारलेली कर्जे ही या व्यवस्थेची दोन अंगे होती. ती भारतातही होतीच. मात्र ती दोन वेगळ्या शासनांच्या हाती, परस्परांना न ओळखता वावरली. तिसरे अंग, म्हणजे चित्रपटगृहाला साहाय्य, नाममात्र राहिले.

तेव्हा लोकनिधीच्या पुनर्रचनेत निर्मितीच्या अनुदानाचा एक निश्चित हिस्सा प्रदर्शनासाठी राखून ठेवणे, ही पहिली गरज आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली नाट्यगृहे आठवड्यातील बरेच दिवस मोकळी असतात. चांगल्या पडद्याची आणि प्रक्षेपणाची सोय केल्यास तीच सार्वजनिक चित्रपटगृहे होऊ शकतात. लोकनिधीतून निर्माण झालेला प्रत्येक चित्रपट ठरावीक मुदतीनंतर शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालये यांना विनामूल्य उपलब्ध व्हावा, ही अट करारातच असावी. आणि प्रत्येक चित्रपटाची प्रत व संहिता संग्रहालयात जमा झाल्याखेरीज अनुदानाचा अखेरचा हप्ता दिला जाऊ नये. भारतात निर्माण झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेटवरील कित्येक जुन्या प्रती नष्ट झाल्या. निर्मितीवर खर्च करून जतनावर न करणे म्हणजे पुस्तक छापून ग्रंथालय न बांधणे होय. संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन आणि बालचित्र समिती यांना राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामावून घेण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. त्याबद्दल चित्रपटक्षेत्रात साशंकता व्यक्त झाली, आणि ती अकारण नव्हती. परंतु निर्मिती आणि जतन एका छताखाली आलेच असेल, तर दोहोंना जोडणारी ही अट घालणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

यात मराठीच्या विभागांनाही आपला वाटा उचलता येईल. साहित्याने चित्रपटाला जामीन दिला. पण त्या व्यवहाराचा हिशेब साहित्याच्या अभ्यासाने ठेवला नाही. पु. लं. सारख्या लेखकाने चित्रपटासाठी केलेले लेखन संहिता म्हणून संपादित करणे, कादंबरी आणि पटकथा यांचे शेजारी शेजारी वाचन करणे, अर्थसाहाय्याची कागदपत्रे संशोधनाचे साधन म्हणून वापरणे, ही कामे विभागाबाहेरचा कोणी करील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. महाविद्यालयातील शिक्षकाने वर्षातून चार चित्रपट विद्यार्थ्यांना नीट पडद्यावर दाखवून त्यांवर चर्चा घेतली, तरी प्रेक्षक घडवण्याच्या कामाला आरंभ होतो. मुंबईत १९६८ पासून कार्यरत असलेल्या प्रभात चित्र मंडळाने असाच आरंभ केला होता.

'बनगरवाडी'तील मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर लोकांच्या श्रमातून तालीम उभी करतो. औंधचे राजेसाहेब येऊन तिचे कौतुक करतात. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरांमागे निघून जातात आणि वाडी ओस पडते. लोकनिधीतून उभ्या राहिलेल्या चित्रपटाची कथा याहून फार निराळी नाही. इमारत झाली, समारंभ झाला, पदक मिळाले. वाडीत माणसे राहावीत अशी तरतूद करणे तेवढे बाकी आहे, आणि यापुढील निधीची योग्यता त्याच तरतुदीवरून ठरवली पाहिजे.